दिनविशेष कसा तयार करायचा: एक तारीख घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत

रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर "आजचा दिनविशेष" येऊन पडतो, घटना, जन्म, मृत्यू, चाळीस-पन्नास ओळी, आणि त्यातल्या निम्म्या कुणी तपासलेल्या नसतात. मी हे काम बरीच वर्षं करतोय, आधी मीही दोन याद्या समोर ठेवून कॉपी-पेस्ट करायचो आणि मला वाटायचं तारीख म्हणजे तारीख, त्यात चुकायचं काय. मग एकदा २० जुलैला "माणसाचं चंद्रावर पहिलं पाऊल" टाकलं, तर ग्रुपमधल्या एका काकांचा मेसेज आला की अरे, आम्ही ती बातमी रेडिओवर सकाळी ऐकली आणि ती २१ तारीख होती, मला पक्कं आठवतंय. मी शोधायला बसलो तर काका बरोबर होते, आणि गंमत म्हणजे २० तारीखही चूक नव्हती. तेव्हा कळलं की तारीख एकटी कधीच नसते, तिच्याबरोबर एक कॅलेंडर असतं, एक जागा असते आणि एक घड्याळ असतं. तिन्ही विचारल्याशिवाय ओळ लिहायची नाही. ही सगळी पद्धत खाली देतोय, उदाहरणाला बहुतेक ठिकाणी ७ नोव्हेंबर हीच तारीख घेतो कारण या एका तारखेत जवळजवळ सगळे खड्डे सापडतात.

पायरी १: कच्ची यादी जमवा, विश्वास ठेवू नका

विकिपीडियावर प्रत्येक तारखेचं स्वतंत्र पान आहे, मराठीतही आहे आणि इंग्रजी, हिंदीतही आहे. तिन्ही उघडा कारण तिन्हींत नावं वेगळी मिळतात, मराठी पानावर केशवसुत सापडतील, इंग्रजीवर सापडतीलच असं नाही. जे मिळेल ते एका शीटमध्ये टाका. माझ्या शीटमध्ये कॉलम असे असतात: वर्ष, कोण किंवा काय, प्रकार (घटना, जन्म, मृत्यू), ठिकाण, मूळ नोंद कुठल्या कॅलेंडरची, स्थानिक वेळ, पुरावा एक, पुरावा दोन, शेरा. शेऱ्याचा कॉलम रुंद ठेवा, सगळ्यात जास्त मजकूर तिथेच जातो.

या टप्प्यावर काहीही गाळायचं नाही आणि काहीही खरं मानायचं नाही. ७ नोव्हेंबरला माझ्या पहिल्या जमवाजमवीत साठाच्या वर ओळी आल्या होत्या.

पायरी २: कॅलेंडर विचारा

ही पायरी सगळ्यात मोठी आहे, इथे घाई केली की पुढचं सगळं वाया.

आज जे कॅलेंडर आपण वापरतो ते ग्रेगोरियन, त्याच्या आधी युरोपात ज्युलियन होतं. इटली, स्पेन, पोर्तुगाल, पोलंड यांनी १५८२ मध्ये बदल केला, तिथे ४ ऑक्टोबर गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबर शुक्रवार आला, मधल्या दहा तारखा त्या वर्षी झाल्याच नाहीत. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ मध्ये बदल केला, २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर. रशियाने तर १९१८ मध्ये, ३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी. म्हणजे १५८२ ते १९२३ (ग्रीसने सगळ्यात शेवटी, १९२३ मध्ये बदल केला) या काळातली कुठलीही युरोपातली तारीख दिसली की पहिला प्रश्न हाच, त्या देशात तेव्हा कुठलं कॅलेंडर चालू होतं?

फरक किती दिवसांचा ते शतकावर ठरतं. १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत १० दिवस, तिथून १८०० पर्यंत ११, १९०० पर्यंत १२ आणि त्यानंतर १३. कारण ज्युलियनमध्ये दर चौथं वर्ष लीप, आणि ग्रेगोरियनमध्ये १७००, १८००, १९०० ही लीप नव्हती, त्यामुळे प्रत्येक वेळी एक दिवस वाढला.

आता ७ नोव्हेंबरच्या यादीतल्या या तीन ओळी बघा. कॅप्टन जेम्स कुक, जन्म ७ नोव्हेंबर १७२८, पण तेव्हा इंग्लंडमध्ये ज्युलियन होतं आणि तिथल्या हिशोबाने तो २७ ऑक्टोबरला जन्मला, अधिक ११ दिवस. लिऑन ट्रॉट्स्की, रशियन क्रांतीचा एक नेता, रशियन साम्राज्यात जन्म, जुन्या हिशोबाने २६ ऑक्टोबर १८७९, अधिक १२ दिवस, ७ नोव्हेंबर. आणि रशियातली ऑक्टोबर क्रांती, २५ ऑक्टोबर १९१७, अधिक १३ दिवस, परत ७ नोव्हेंबर. मूळ तारखा तीन वेगवेगळ्या आणि तिन्ही येऊन एकाच खान्यात बसल्या. नोव्हेंबरातल्या क्रांतीला ऑक्टोबर क्रांती का म्हणतात तेही यातच आलं. मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे "ट्रॉट्स्कीच्या अडतिसाव्या वाढदिवशी क्रांती झाली" असं सगळीकडे वाचायला मिळतं, आजच्या कॅलेंडरने ते बरोबरही आहे, पण त्या दिवशी पेट्रोग्राडमध्ये (तेव्हाची रशियाची राजधानी) भिंतीवर जे कॅलेंडर टांगलेलं असेल त्यावर २५ तारीख होती आणि त्याचा वाढदिवस दुसऱ्या दिवशी, २६ ला. मधे १९०० साल येऊन गेलं आणि एक दिवस सरकला, एवढंच.

इथे लोक दोन चुका करतात. एक म्हणजे बदललेली तारीख परत बदलणं, पुस्तकात आधीच नवी तारीख दिलेली असते आणि आपण तिच्यात पुन्हा ११ मिळवतो. म्हणून शीटमध्ये दोन्ही तारखा लिहा, जुनी आणि नवी, म्हणजे कळतं की बदल झालाय. दुसरी चूक म्हणजे एका घटनेची जुनी तारीख आणि दुसरीची नवी तारीख शेजारी ठेवून योगायोग जाहीर करणं. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस एकाच दिवशी गेले, २३ एप्रिल १६१६, हे मीही टाकलेलं आहे. पण इंग्लंडची २३ एप्रिल ज्युलियन, ती आजच्या हिशोबाने ३ मे, आणि स्पेनमध्ये ग्रेगोरियन आधीच चालू होतं, तिथे सर्व्हान्टिस २२ ला गेला, २३ ही त्याच्या दफनाची तारीख. तारीख तीच लिहिलेली, दिवस मात्र दहा-अकरा दिवसांनी वेगळे. तसंच "गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला". गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ नवीन हिशोबाने, न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ जुन्या हिशोबाने, म्हणजे नव्याने ४ जानेवारी १६४३. एकच माप लावलं की वर्षं वेगळी होतात.

वर्षाच्या सुरुवातीचीही एक भानगड आहे. इंग्लंडमध्ये १७५२ च्या आधी कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या २४ पर्यंतच्या नोंदीत वर्ष एकाने मागे दिसतं. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म ११ फेब्रुवारी १७३१ असा नोंदलेला, आज आपण तो २२ फेब्रुवारी १७३२ लिहितो, दिवसही बदलला आणि सालही.

आपल्याकडच्या जुन्या तारखा बहुतेक तिथी आणि शकात मिळतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेतलं सूत्र अर्धंच आहे. शक चैत्रात सुरू होतो, त्यामुळे १ जानेवारीनंतरच्या तिथीला, म्हणजे पौषाचा पुढचा भाग, माघ, फाल्गुन, यांना ७९ मिळवावे लागतात. शिवाजी महाराजांची शासनाने मान्य केलेली जन्मतिथी फाल्गुन वद्य ३, शके १५५१. ७८ मिळवले तर १६२९ येतं आणि ते चूक, फाल्गुन आहे म्हणून १६३०, १९ फेब्रुवारी. आणि हेही लक्षात ठेवा की ही १९ फेब्रुवारी किंवा राज्याभिषेकाची ६ जून १६७४ या ज्युलियन हिशोबाच्या तारखा आहेत, त्यात दहा दिवस मिळवून नवीन तारीख लिहायला जाऊ नका, सगळे जी तारीख ओळखतात तीच ठेवा, फक्त शेऱ्यात "ज्युलियन" लिहा. उगाच दुरुस्ती करण्यापेक्षा रूढ काय आहे आणि का आहे हे माहीत असणं जास्त उपयोगाचं.

पायरी ३: जागा आणि घड्याळ

नियम सोपा ठेवलाय मी: घटना जिथे घडली तिथल्या घड्याळाने जी तारीख होती ती लिहायची. हे ठरवलं की बरेच वाद संपतात. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा हवाईत ७ डिसेंबर १९४१ ची सकाळ होती, जपानमध्ये ८ तारीख लागलेली होती, म्हणून जपानी याद्यांत ८ डिसेंबर सापडतो. आपण ७ लिहायचं. जर्मनीची शरणागती लागू झाली ८ मे १९४५ च्या रात्री अकरा वाजून एक मिनिटाने, मॉस्कोत तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली, म्हणून पश्चिम युरोपात विजय दिवस ८ मे आणि रशियात ९ मे. इथे दोन्ही दिवस सरकारी आहेत तर दोन्ही ओळी ठेवायच्या, कारणासकट.

चंद्राचं काय? तिथे आपलं घड्याळच नाही. यान उतरलं २० जुलै १९६९ ला जागतिक वेळेनुसार २० वाजून १७ मिनिटांनी, आणि आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं त्याच वेळेनुसार २१ जुलैला २ वाजून ५६ मिनिटांनी. अमेरिकेत पाऊल ठेवलं तेव्हाही २० ची रात्रच होती म्हणून जगभर २० प्रसिद्ध झाली. भारतीय वेळेत साडेपाच तास मिळवा, उतरणं २१ ला पहाटे १ वाजून ४७, पाऊल सकाळी ८ वाजून २६. काकांनी रेडिओवर सकाळी ऐकलं ते हे. आता मी ती ओळ अशी लिहितो: "१९६९, अपोलो ११ चंद्रावर उतरलं (भारतीय वेळेनुसार २१ जुलैची पहाट)".

मध्यरात्रीच्या आसपासच्या घटना शीटमध्ये वेगळ्या रंगाने मार्क करा. टायटॅनिक हिमनगाला धडकलं १४ एप्रिल १९१२ रात्री ११:४०, बुडालं १५ ला पहाटे २:२०, म्हणजे क्रियापद बदललं की तारीख बदलते. भोपाळची वायुगळती २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री. लोकमान्य टिळक गेले ते मध्यरात्रीनंतर, म्हणून १ ऑगस्ट १९२०, आणि अण्णाभाऊ साठेंचा जन्मही त्याच तारखेचा, १ ऑगस्ट १९२०, असहकार चळवळही त्याच दिवशी सुरू झाली. आणि आपली ऑक्टोबर क्रांती, हिवाळी राजवाड्यातल्या हंगामी सरकारच्या मंत्र्यांना अटक झाली तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते, काटेकोर बघाल तर ती ८ नोव्हेंबर. म्हणून "राजवाडा पडला" न लिहिता "बोल्शेविकांनी (लेनिनच्या पक्षाने) पेट्रोग्राडमध्ये उठाव केला" असं लिहा, म्हणजे ७ तारीख टिकते.

पायरी ४: पुरावा कशाला म्हणायचं

दोन वेबसाईटवर सापडलं म्हणजे दोन पुरावे, असं नसतं. बहुतेक वेळा दुसरीने पहिलीवरून उचललेलं असतं. ओळखायची खूण म्हणजे शब्दरचना सेम असते, एखादी शुद्धलेखनाची चूकही सेम असते. मला खरा पुरावा वाटतो तो म्हणजे त्या काळचं वर्तमानपत्र, सरकारी गॅझेट, संस्थेच्या स्वतःच्या नोंदी, चांगलं चरित्र, विश्वकोश. वर्तमानपत्र वापरताना अंकाची तारीख उचलू नका, बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते, आत "काल" किंवा वार दिलेला असतो तो बघा.

वाराची तपासणी फार कामाची आहे. मूळ मजकुरात वार दिलेला असेल तर तारखेचा वार काढून जुळवा. ७ नोव्हेंबर १९४० ला वॉशिंग्टन राज्यातला टॅकोमा नॅरोज पूल कोसळला, साधारण ताशी ६४ किलोमीटरच्या वाऱ्यात पुलावरचा रस्ता दोरीसारखा पिळत होता, उघडून पुरते पाच महिनेही झाले नव्हते, माणसं वाचली पण गाडीत अडकलेलं एक कुत्रं गेलं. तो दिवस गुरुवार होता, हिशोब जुळतो. अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी असते, म्हणजे ती २ ते ८ याच तारखांत येते. १९४४, १९७२ आणि २००० ला ती ७ नोव्हेंबरला आली. कुणी निवडणुकीची तारीख १० नोव्हेंबर लिहिली असेल तर पुढे शोधायचीही गरज नाही.

जन्मतारखेत अजून एक प्रकार असतो, नोंद वेगळी आणि माणूस सांगतो वेगळी. लिझ माइटनर, अणुविखंडनाचा अर्थ लावणारी शास्त्रज्ञ, व्हिएन्नाच्या ज्यू समाजाच्या जन्मनोंदीत तिची तारीख १७ नोव्हेंबर १८७८ आहे पण ती स्वतः आयुष्यभर ७ नोव्हेंबर सांगत आली. अशा वेळी मी व्यक्तीने स्वतः वापरलेली तारीख ओळीत घेतो आणि शेऱ्यात नोंदीची लिहितो. शाळेच्या दाखल्यावर अंदाजाने घातलेल्या तारखांचंही असंच आहे.

१ जानेवारीच्या याद्यांपासून जरा सावध राहा. ज्यांचं फक्त जन्मवर्ष माहीत आहे अशांची नोंद बरेच डेटाबेस १ जानेवारी अशी साठवतात, आणि मग ती खरी जन्मतारीख म्हणून फिरते. विकिडेटावर (विकिपीडियाशी जोडलेला माहितीसाठा) प्रत्येक तारखेची अचूकता (फक्त वर्ष, महिना की दिवस) आणि कॅलेंडर वेगळं नोंदवलेलं असतं, ते उघडून बघायची सवय लावा.

एकाच नावाची दोन माणसं हा कायमचा घोळ. विन्स्टन चर्चिल नावाचा एक अमेरिकन कादंबरीकारही होता (१८७१ ते १९४७), त्याच्या मृत्यूच्या तारखेला ब्रिटिश पंतप्रधानांचा फोटो लागलेला दिसला तर आश्चर्य नको. आकड्यांचाही घोळ होतो. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं, आज ते प्रतापसिंह हायस्कूल, महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. त्या रजिस्टरमधला त्यांचा क्रमांक १९१४ आहे. तो क्रमांक आहे, साल नाही, घाईत वाचणारा गडबडतो.

पायरी ५: निवडा

साठ ओळींतून दहा-बारा ठेवा. माझी कसोटी अशी की या ओळीमुळे वाचणारा दोन मिनिटं थांबेल का. नुसत्या लढाया आणि राजे नकोत, नुसते नट-नट्याही नकोत. विज्ञान, साहित्य, बांधकाम, अपघात, सामाजिक कामं, सगळ्यातून एकेक बघा. बायकांची नावं कच्च्या यादीतच कमी असतात, ती मुद्दाम शोधावी लागतात आणि शोधली की मिळतात, ७ नोव्हेंबरलाच मेरी क्युरी आणि माइटनर दोघी आहेत. त्याच तारखेला सी. व्ही. रामन. तिघंही पदार्थविज्ञानातली, ही जोडणी दिसली की यादीला जीव येतो.

"जागतिक अमुक दिन" टाकताना तो कुणी ठरवला आणि त्याच तारखेला का हे कळलं तरच टाका. राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला असतो तो रामन यांच्या जन्मामुळे नाही, १९२८ मध्ये त्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला म्हणून. जन्म ७ नोव्हेंबर १८८८. हे दोन दर वर्षी कुणीतरी एकत्र करतंच.

पायरी ६: ओळ लिहा

वर्ष आधी, चढत्या क्रमाने. मग काय झालं, आणि एक तपशील. "१८६२: बहादूरशाह जफर यांचं निधन" एवढंच लिहिलं तर ओळ कोरडी राहते, "१८६२: शेवटचे मुघल बादशाह बहादूरशाह जफर यांचं रंगूनमध्ये कैदेत निधन" म्हटलं की सगळी गोष्ट आली. "१९०५: केशवसुत यांचं प्लेगने हुबळीत निधन." शब्द जपून: निधन, हत्या, फाशी, अपघाती मृत्यू हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. हयात माणसाचा वाढदिवस, गेलेल्याची जयंती, हे चुकलं तर लोक दुखावतात आणि त्यांचं बरोबर असतं. म्हणून हयात आहेत का हे पोस्ट करायच्या सकाळी परत चेक करा, आदल्या महिन्यात तयार केलेल्या यादीवर भरवसा ठेवू नका.

वयाचं गणित वर्षं वजा करून सोडू नका. मेरी क्युरी १८६७ ते १९३४, वजाबाकी ६७, पण त्या ४ जुलैला गेल्या, वाढदिवस नोव्हेंबरात, म्हणून वय ६६. जयंतीचंही बघा, १९२० चा जन्म असेल तर १०० वर्षं पूर्ण होतात २०२० ला, जन्मशताब्दी वर्ष सुरू होतं त्याच्या एक वर्ष आधी. इसवी सनापूर्वीच्या घटना असतील तर शून्य साल नाही हे विसरू नका, ज्युलियस सीझरची हत्या इ. स. पू. ४४, १५ मार्च, तिला २००० वर्षं पूर्ण झाली १९५७ ला, १९५६ ला नाही.

२९ फेब्रुवारीची यादी करायची वेळ आली तर लीप वर्षाचा नियम हाताशी ठेवा. मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा, आणि १९०० लीप नव्हतं, म्हणजे त्यांना पहिली खरी २९ फेब्रुवारी मिळाली ती १९०४ ला, आठव्या वर्षी.

पायरी ७: दुरुस्तीची वही

पोस्ट टाकली की काम संपत नाही. कुणी चूक दाखवली तर आधी आभार, मग त्यांना विचारा की तुम्हाला हे कुठून कळलं, आणि शीटच्या शेऱ्यात तारखेसकट नोंद करा: काय होतं, काय केलं, कशावरून केलं. जुनी ओळ खोडू नका, खाली राहू द्या, कारण पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी तीच चूक घेऊन येतं आणि तेव्हा उत्तर तयार लागतं. माझ्या शीटमध्ये २० जुलैच्या समोर काकांचा तो मेसेज जसाच्या तसा ठेवलाय.